कापलेल्या चौकटीचा इतिहास: नांदेड-लातूरच्या दिवाणखान्यातील एक जुना अन्याय

धागा १/२४
लातुरात किंवा नांदेडात नवा ५५ इंची टीव्ही भिंतीवर चढतो. पहिल्या रविवारी ‘शोले’ लावला जातो आणि चित्राच्या वर-खाली दोन काळ्या पट्ट्या दिसतात. घरातील कोणीतरी रिमोट उचलून ‘झूम’ दाबतो. पडदा भरतो, पैसे वसूल झाल्याचे समाधान सर्वांच्या चेहऱ्यावर पसरते. त्या एका कळीने चित्रपटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भिंतीपलीकडे फेकला गेला, याची कोणालाही खंत वाटत नाही.

२/२४
‘काळी पट्टी म्हणजे वाया गेलेला पडदा’ ही समजूत अज्ञानातून आली आहे आणि ती घातक आहे. चित्रपट हा विसाव्या शतकाचा दस्तऐवज होय. त्याची चौकट कापणे म्हणजे दस्तऐवज फाडणे. ज्या मराठवाड्याच्या वाट्याला दीर्घकाळ सर्व काही उशिरा आणि अर्धेमुर्धे आले, त्याने तरी हे फाटके चित्र राजीखुशीने स्वीकारू नये, एवढाच या धाग्याचा दावा आहे.

३/२४
आरंभ चौकटीच्या जन्मापासून. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर जी चौकट आखली, तिचे रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ होते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच जवळजवळ चौरस आकारात अवतरला. फितीवर ध्वनीची पट्टी आल्यावर १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने १.३७:१ हे प्रमाण ठरवले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्या घडणीतलाच आहे.

४/२४
पुढे अमेरिकेत टीव्ही घरोघर पोहोचला आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. १९५२ साली सिनेरामा आला. १६ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘द रोब’ झळकला आणि सिनेमास्कोपचे युग सुरू झाले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियँ यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केलेले भिंग त्यामागे होते. चित्रीकरणाच्या वेळी हे भिंग दृश्य आडवे दाबून नेहमीच्या फितीत बसवते. प्रक्षेपकावरचे जोडीचे भिंग ते पुन्हा उलगडते. पडदा २.५५:१ इतका रुंद झाला. सोबत चार पट्ट्यांचा चुंबकीय ध्वनीही आला.

५/२४
येथे विरोधक म्हणतात: ‘म्हणजे रुंद पडदा ही धंद्याची युक्तीच ना?’ होय, उगम धंद्यातलाच आहे. तो लपवण्याचे कारण नाही. परंतु गल्ल्याच्या गरजेतून कलाप्रकार फुलल्याची उदाहरणे मराठी माणसाला परक्यांकडून शिकावी लागत नाहीत. संगीत नाटकाचा इतिहास त्यांनी भरलेला आहे. साधन कोणत्या हेतूने जन्मले, हा एक प्रश्न. कलावंताने त्यातून काय घडवले, हा दुसरा. निवाडा दुसऱ्या प्रश्नावर व्हावा.

६/२४
भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९). छायाचित्रणकार व्ही. के. मूर्ती, कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर, दोघांनाही त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मूर्तींनी आरशांच्या साह्याने सूर्यप्रकाश परावर्तित करून स्टुडिओच्या अंधारात जो तिरपा झोत उतरवला, तो भारतीय छायाचित्रणाचा मानदंड ठरला. नायक आणि नायिका यांच्यातील रिकामी जागा हाच त्या दृश्याचा आशय आहे. चौकट कापली की ती जागाच आक्रसते. विरह उणा होतो.

७/२४
दुसरे उदाहरण ‘शोले’चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे छायाचित्रणकार होते द्वारका दिवेचा. चित्रीकरण ३५ मिलिमीटरवर झाले आणि पुढे ७० मिलिमीटरवर मोठे केले गेले; प्रमाण २.२:१. कर्नाटकातील रामनगरचे खडक, माळावरून येणारे दरोडेखोर, एका टोकाला ठाकूर आणि दुसऱ्या टोकाला गब्बर, ही सारी रचना त्या रुंदीसाठी होती. आडव्या पसाऱ्याविना दरोडेखोराची भीती उभी राहत नाही.

८/२४
या चित्रपटाचे पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केले आणि जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे ते प्रथम दाखवले गेले. त्या कामात एक विदारक गोष्ट समोर आली: ‘शोले’ची एकही ७० मिलिमीटर प्रत शिल्लक नव्हती. मूळ चमूतील कमलाकर राव यांनी सांगितले की, कॅमेऱ्याच्या काचेवर ७० मिलिमीटरच्या सीमारेषा आखून चित्रण केले जात असे. त्या आठवणीच्या आधारे मूळ चौकट निश्चित करता आली. पन्नास वर्षांत देशातील सर्वांत लोकप्रिय चित्रपटाची कडा एका वृद्ध तंत्रज्ञाच्या स्मृतीवर येऊन टेकली होती.

९/२४
मराठी चित्रपटाला ही रुंदी फार उशिरा लाभली. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) हा पहिला मराठी सिनेमास्कोप चित्रपट. ‘द रोब’पासून ३७ वर्षे, ‘कागज़ के फूल’पासून ३१ वर्षे. बाटलीतल्या गंगारामची गंमत म्हणून हा चित्रपट सर्वांना पाठ आहे. मराठी पडद्याची रुंदी त्याच चित्रपटाने वाढवली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१०/२४
आता मराठवाड्याकडे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याची त्रिभागणी होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शाळेत हा इतिहास येथे संपतो. हिंदी चित्रपटांच्या वितरणाच्या नकाशावर मात्र निजामाचे राज्य संपलेच नाही. त्या नकाशात ‘निझाम’ नावाचे एक ‘सर्किट’ आहे आणि त्यात तेलंगणासोबत मराठवाड्याचे जिल्हे मोडतात. विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये!

११/२४
अर्थात मुंबईत घडलेला चित्रपट नांदेडला यायचा तो हैदराबाद-सिकंदराबादच्या वितरकांच्या हिशेबातून. मुक्तिसंग्राम झाला, भाषावार प्रांतरचना झाली, १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला; फिल्मच्या डब्यांना मात्र जुनीच सीमा ठाऊक होती. मोजक्याच प्रती निघण्याच्या त्या काळात मोठ्या शहरांत फिरून झिजलेली, सांधे मारलेली प्रत लहान गावांच्या वाट्याला येई. मधली काही दृश्ये सांध्यांतच गळून गेलेली असत. अपुरे चित्र पाहण्याची सवय लागली ती अशी.

१२/२४
तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. गावाकडे, जत्रेत, फिरत्या तंबूत ज्यांनी स्कोप चित्रपट पाहिले, त्यांनी पूर्ण चौकट पाहिली. कारण साधे आहे: दाबलेले चित्र उलगडणारे भिंग प्रक्षेपकावर चढवले नाही, तर पडद्यावरील माणसे काडीसारखी लांबट दिसतात आणि प्रेक्षक ओरडू लागतात. म्हणून तंबूवाल्याला ते भिंग सांभाळावेच लागे. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या काळावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट निघाला आणि तो कान महोत्सवात गौरवला गेला.

१३/२४
चौकट खऱ्या अर्थाने कापली ती दिवाणखान्यात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; पुढील दशकात सहक्षेपणाने आणि व्हिडिओ कॅसेटने टीव्ही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. काचेच्या त्या संचाचा आकार ४:३. त्यात २.३५:१ चा चित्रपट पूर्ण भरायचा, तर ४३ टक्के चित्र फेकावे लागते. मग कोणीतरी अनामिक तंत्रज्ञ ठरवी की आता डावीकडचा माणूस दिसावा, आता उजवीकडचा. दिग्दर्शकाने एका चौकटीत आणलेली दोन माणसे अशी परस्परांपासून तोडली जात.

१४/२४
परिणाम असा की, धुळीच्या मैदानात घोंगडी अंथरून बसलेल्या शेतमजुराने संपूर्ण चित्र पाहिले. सोफ्यावर बसलेल्या सुशिक्षित कुटुंबाने निम्मे पाहिले आणि तेच खरे मानले. १९८० आणि १९९० च्या दशकांत वाढलेल्या पिढीच्या आठवणीतील किती तरी चित्रपट कापलेले आहेत. स्मरणरंजन करणाऱ्यांनी ‘आमच्या काळचा सिनेमा’ म्हणण्यापूर्वी, त्या सिनेमाचा किती भाग त्यांच्या वाट्याला आला होता, हे तपासावे.

१५/२४
आजचा १६:९ टीव्ही तरी शुद्ध आहे काय? नाही, तो एक तडजोड आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित चौकटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. १.३३ आणि २.३५ यांचा भूमितीय मध्य निघतो सुमारे १.७७, म्हणजेच १६:९. हा आकार निवडला गेला तो सर्व चौकटी कमीत कमी काळी जागा ठेवून सामावून घेण्यासाठी. काळी पट्टी हा टीव्हीचा दोष नसून त्याच्या रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट आहे.

१६/२४
याच अज्ञानाची दुसरी बाजू अधिक संतापजनक आहे. ‘संत तुकाराम’ १६:९ वर लावला की काळी पट्टी डाव्या-उजव्या बाजूला येते. ती घालवण्यासाठी चित्र आडवे ताणले जाते आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा जाडजूड दिसू लागतात. अथवा ‘झूम’ केले जाते आणि वर-खालचा मिळून चौथा हिस्सा जातो. कधी डोक्यावरचे पागोटे जाते, कधी टाळ धरलेले हात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेल्या चित्रपटाची ही दशा महाराष्ट्राच्या घरात व्हावी!

१७/२४
इतिहासप्रेमींना एक प्रश्न. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने दौलताबादसह मोठा मुलूख मराठ्यांना दिला. त्या तहाचा कागद कोणी ‘नव्या फ्रेममध्ये नीट बसावा’ म्हणून चतुर्थांश कापला आणि दौलताबादचे नाव असलेला तुकडा टाकून दिला, तर काय होईल? निषेधाच्या पोस्टींचा पाऊस पडेल. कंधारच्या किल्ल्याचा एक बुरूज पार्किंगसाठी पाडला, तर मोर्चा निघेल. चित्रपटाची चौकट मात्र रोज कापली जाते आणि कापणारे हात त्याच इतिहासप्रेमींचे असतात.

१८/२४
आरोप येथेच थांबत नाही. ऐतिहासिक चित्रपटातील प्रसंग उभ्या ‘रील’मध्ये बसवून त्यावर शौर्याचे संगीत लावण्याची प्रथा रूढ झाली आहे. २.३५:१ ची चौकट पूर्ण उंचीने ९:१६ मध्ये कोंबली की उरते जेमतेम २४ टक्के चित्र. सैन्य जाते, रणभूमी जाते, गडाची तटबंदी जाते. उरतो एक गर्जना करणारा चेहरा. इतिहास म्हणजे एकाच माणसाचा चेहरा, असा समज दृढ करण्यास याहून सोयीचे साधन कोणते?

१९/२४
जगाने हा प्रश्न न्यायालयात नेला आहे. डेन्मार्कच्या टीव्हीने ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ हा चित्रपट कापून दाखवला म्हणून दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी दावा लावला. १९९७ मध्ये न्यायालयाने ही काटछाट म्हणजे कलाकृतीची विटंबना असल्याचे मान्य केले, तरी तांत्रिक कारणावरून पोलॅक हरले. भारतात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या नासाडीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सरकारला भरपाई द्यायला लावली. मात्र १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ दिग्दर्शक नसून निर्माता असतो. म्हणून चौकटीची राखण शेवटी प्रेक्षकालाच करावी लागते.

२०/२४
‘पण घरचा पडदा म्हणजे सिनेमागृह नव्हे, होम थिएटर हे श्रीमंतांचे चोचले,’ असा आक्षेप येईल. पूर्वार्ध खरा आहे. परंतु एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली आणि मल्टिप्लेक्स चालू आठवड्याचा माल विकते. नांदेडच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला ‘कागज़ के फूल’ पाहायचा असेल, तर घराशिवाय जागा कोणती? ग्रंथालय दूर असणाऱ्याने घरी पुस्तकांचे कपाट केले, तर त्याला कोणी चोचले म्हणत नाही. खर्चाचे म्हणाल, तर चौकट वाचवायला एक रुपयाही लागत नाही.

२१/२४
हिशेब पाहावा. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, उंची सुमारे ६८. २.३५:१ च्या चित्रपटाला त्यात सुमारे ५२ सेंटिमीटर उंची मिळते. वर-खाली प्रत्येकी आठ सेंटिमीटरची पट्टी. चित्र लहान वाटते ते या पट्टीमुळे नव्हे, तर टीव्ही एका भिंतीवर आणि माणसे बारा फुटांवरच्या समोरच्या भिंतीला टेकलेली, यामुळे. चित्राने नजरेचा ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा, हा सर्वमान्य संकेत. या टीव्हीसाठी ते अंतर साडेसात ते साडेपाच फूट येते. खुर्च्या पुढे ओढाव्यात, ‘झूम’ची गरज उरणार नाही.

२२/२४
मग सेटिंग. चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ ठेवावा. ‘स्ट्रेच’ आणि ‘झूम’ वर्ज्य. चित्र मालिकेसारखे गुळगुळीत करणारे ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे. २०२० पासून अनेक संचांत ‘फिल्ममेकर मोड’ ही सोय आली आहे. ती एका कळीत हे सारे करते. खोलीतला दिवा मालवावा, म्हणजे काळी पट्टी अंधारात विरून जाते. प्रोजेक्टर असेल तर चमक नसलेली पांढरी भिंत पुरते. समोरच्या भिंतीवर आजीची जाड गोधडी टांगली तर आवाजाचा घुमाराही कमी होतो. आणि पाचही स्पीकर शोकेसवर ओळीने मांडू नयेत: संवादाचा मधला स्पीकर पडद्याखाली, दोन बाजूंना, दोन प्रेक्षकांच्या मागे-कडेला.

२३/२४
उरतात ते ओटीटी आणि वाहिन्या. तेथे ‘झूम’ बंद करून भागत नाही, कारण कधी मूळ प्रतच कापलेली असते. तेथे तक्रार हेच शस्त्र. २०१९ मध्ये डिस्ने प्लसने ‘द सिम्पसन्स’चे जुने ४:३ भाग वर-खाली कापून रुंद केले, विनोदांचे तुकडे पडले, प्रेक्षक संतापले आणि मे २०२० मध्ये कंपनीला मूळ चौकट परत द्यावी लागली. अमेरिकेतील व्यंगचित्र-मालिकेसाठी हे होऊ शकते, तर प्रभातच्या आणि गुरुदत्तांच्या चित्रपटांसाठी महाराष्ट्रातून तसे पत्र का जाऊ नये?

२४/२४
जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिती आगीत गेल्या. ‘शोले’च्या ७० मिलिमीटर प्रती न जळताच गेल्या. जे गेले ते परत येणार नाही. जे उरले आहे ते तरी कापून पाहू नये. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या संध्याकाळी, नांदेड-लातूरच्या घरांत एखादा जुना स्कोप चित्रपट काळ्या पट्ट्यांसह लावावा. लहान भावंडांनी ‘ही काळी जागा कशाला?’ असे विचारले, तर त्यांना निझाम सर्किटची, तंबूतल्या भिंगाची आणि कॅमेऱ्याच्या काचेवरील रेघांची गोष्ट सांगावी. रिमोट तोवर टेबलावर राहू द्यावा.

#मराठवाडा #चित्रपटइतिहास #धागा